न चाखता घेतलेली चटणी

कळवणच्या ज्युनिअर कॉलेजात माझा पहिला तास होता तो खर्च आणि किंमत यांवर. फळ्यावर मी ७९ लिहिलं आणि तोंडाने 'सेव्हन्टी नाइन' म्हणाले. मागच्या बाकावरून आवाज आला, "मराठीत सांगा ना, म्याडम." मी घाईघाईत म्हणाले, "एकोणसत्तर."  मग खिडकीजवळ बसलेली एक उंच मुलगी गंभीर चेहऱ्याने शेजारणीला म्हणाली, "म्याडमनी दहा रुपये सूट दिली."

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण कान गरम झाले होते. मी नाशिकला इंग्लिश मीडियमच्या शाळेत शिकले. वडील ओझरच्या कारखान्यात. घरी आम्ही मराठीच बोलायचो, पण जे जे मोजायचं असतं ते सगळं मी इंग्रजीत शिकले होते. त्या दिवसानंतर मी बसमध्ये खिडकीबाहेरच्या गाड्यांचे नंबर मराठीत म्हणत जायची. कळवणपर्यंतच्या रस्त्यात बरीच उजळणी होते.

मला तिथे पाठवलं होतं आमच्या ताईंनी. नाशिकमधल्या एका छोट्या संस्थेच्या त्या प्रमुख. तालुक्याच्या गावांतल्या मुलामुलींना घरखर्च, बँक, व्याज समजावून सांगायचं आणि एखादा छोटा धंदा उभा करायला शिकवायचं, हे संस्थेचं काम. अर्थशास्त्रात एम.ए. करून मी मुलाखतीला गेले तेव्हा मला धड बोलताही आलं नव्हतं. शाळेत उत्तर येत असूनही हात वर न करणारी मुलगी मोठी झाली की काय होणार, तेच झालं होतं. ताईंनी माझा कागद बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "बोलणारे मला ढिगाने मिळतात. तू बघत बसतेस. मला बघणारी हवी आहे."

असं मला आधी कोणी म्हणालं नव्हतं. घरी 'जरा मोकळी हो' म्हणत, शाळेत 'स्पीक अप' म्हणत. त्या एका वाक्यासाठी मी त्यांच्याकडे निम्म्या पगारातही राहिले असते, आणि पगार जवळपास तेवढाच होता.

खिडकीजवळची ती उंच मुलगी बारावीत होती. तिचं गाव सुरगाण्याच्या बाजूला, डोंगरात. ती कळवणला होस्टेलवर राहायची. दसरा झाला की तिचे आईवडील मुकादमाबरोबर दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत जायचे, ते थेट उन्हाळ्यात परत यायचे. मुकादम आधी उचल, म्हणजे आगाऊ मजुरी द्यायचा आणि त्या उचलीपायी अख्खं घर त्याच्या कामाला बांधलं जायचं. आई बागेत गेली की दोन धाकट्या बहिणींना सांभाळायला आणि टोळीचा स्वयंपाक करायला मोठी मुलगी लागायची. दहावीपर्यंत ती तशी जातच होती. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत, आणि बागेचं काम तेव्हा ऐन भरात असतं.

"दहावीला कशी बसलीस मग?" मी विचारलं होतं.

"बापानं आजीला बसवलं बागेतल्या शेडमधी, पोरींपाशी. आजी आता नाय," ती म्हणाली. नंतर जरा थांबून, "म्हणून तं ह्या क्लासला नाव घातलं. पैशाचं काही जमलं तं आई थांबंल."

म्हणजे तिच्यासाठी माझा तास हा नुसता तास नव्हता. हे मला पहिल्याच महिन्यात कळलं.

अभ्यासक्रम इंग्रजीतून आलेला होता. त्यात पिझ्झाचं दुकान होतं, लिंबू सरबताची गाडी होती. मी ते सगळं बाजूला ठेवून नवीन लिहायला लागले. गिऱ्हाईक म्हणजे कोण, या धड्याशी मी बरेच दिवस झगडले आणि शेवटी वर्गात म्हणाले, "आई, मावशी, सर, होस्टेलच्या बाई, यांना गिऱ्हाईक धरायचं नाही. ज्याला तुम्हाला खूश करायचं काही कारण नाही आणि तरी जो विकत घेतो, तो गिऱ्हाईक."

ताईंना ते इतकं आवडलं की त्यांनी संस्थेच्या पुस्तिकेत पहिल्या पानावर छापलं.

उंच मुलीच्या गटात चौघी होत्या. त्यांनी खुरासणीची चटणी करायचं ठरवलं. नाशिकला तिला कारळं म्हणतात. डोंगरातल्या घरांत ती भाकरीबरोबर रोजची. काळी, तेलकट, लसूण घालून कुटलेली. मला वाटलं होतं त्या काहीतरी गोड करतील. मी म्हणाले, "रंग जरा काळा आहे, शहरातल्या लोकांना..."

"म्याडम, चहापत्ती काळीच असती," बाकीच्या तिघींपैकी एक म्हणाली.

आठवडे बाजारात पहिल्यांदा बसल्या तेव्हा मी लांब उभी राहून पाहत होते. मी त्यांना पाकिटं मांडायला शिकवलं होतं. त्यांनी पाकिटं मांडली, पण उंच मुलीने एक उघडा डबा पुढ्यात ठेवला आणि येणाऱ्या प्रत्येकाला म्हणायला लागली, "हात करा." लोक तळहात पुढे करायचे, ती चिमूटभर चटणी ठेवायची. त्यांच्या गावात असंच विकतात. हातावर ठेवल्याबिगर विकणं म्हणजे गिऱ्हाइकाला आंधळं समजणं, असं तिची आई म्हणायची. एक एसटीचा कंडक्टर चाखून गेला, बस सुटायच्या आधी धावत परत आला आणि दोन पाकिटं घेऊन गेला. बाकीच्या बऱ्याच जणांनी हात पुसला आणि पुढे गेले. दुपारपर्यंत टोपलीतली निम्मीही पाकिटं संपली नव्हती, तरी चौघी खूश होत्या. मीही होते. ती विक्री थोडी होती, पण खरी होती.

दसऱ्याच्या आधी संस्थेचा मेळावा होता, गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर. सगळ्या तालुक्यांतले गट स्टॉल लावणार, नाशिककर येऊन खरेदी करणार, आणि संस्थेला पैसे देणारे पाहुणे पुण्यामुंबईहून बघायला येणार. आमच्या चौघी पहाटे जीपने आल्या. मांडवात पंखे, रांगोळी, फुगे. उंच मुलीने उघडा डबा काढला तसं ताईंनी हळूच सांगितलं, "हे नको गं, टेबल खराब दिसतं. व्हिडिओ घेतायत." डबा टेबलाखाली गेला.

आणि अकरा वाजायच्या आत गर्दी आली. नीटनेटक्या साड्यांतल्या बायका, काही निवृत्त दिसणारे पुरुष. एकेक जण चार-चार, पाच-पाच पाकिटं घेत होता. भाव कोणी करत नव्हतं. जेवणाच्या आधीच आमचा सगळा माल संपला. चौघी एकमेकींकडे बघत होत्या, कॅमेरा त्यांच्याकडे बघत होता. ताईंनी उंच मुलीला माईक दिला. ती दोनच वाक्यं बोलली, आईचं नाव घेतलं आणि माईक परत दिला. पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवत होते.

खाली उतरल्यावर ती माझ्याजवळ आली. "म्याडम, कोणी चाखून नाय पाह्यली."

"पॅकिंग चांगलं होतं ना," मी म्हणाले. "शहरात लोक पॅकिंग बघून घेतात."

तिने मान डोलावली. मी शहरातली होते, मला माहीत असणार.

ताईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बघ, हे तू घडवलंस."  परतताना मुलींच्या जीपमध्ये मीही द्वारका चौकापर्यंत गेले. तिथे नेहमीसारखा गाड्यांचा खच पडला होता, जीप इंचाइंचाने सरकत होती. मुलींनी खिडकीतूनच वडापाव घेतले आणि त्यांच्या बोलीतली गाणी म्हणायला लागल्या. मला एका ओळीचाही अर्थ लागला नाही. मी उतरले तेव्हा उंच मुलगी ओरडून म्हणाली, "म्याडम, एकोणसत्तरच्या भावानी नाय विकली बरं का." आजूबाजूचे रिक्षावाले बघायला लागले. इतक्या लोकांसमोर कोणी मला चिडवलं आणि मला ते आवडलं, असं पहिल्यांदाच झालं.

दसऱ्यानंतर चार-पाच दिवसांनी तिचा फोन आला. मुकादम पाड्यावर आला होता. तिच्या आईला विचार करायला एक रात्र दिली होती.

"आई बोलती तुमच्याशी," ती म्हणाली.

तिची आई फोनवर इतकी हळू बोलायची की मला दुसऱ्या कानात बोट घालावं लागलं. "म्याडम, पोरगी म्हणती नाशिकला आपली चटणी लय खपती. मी घरी राहून कुटली तं वर्ष निघंल का? तुम्ही सांगाल तं उचल घेत नाय. तिचा बाप एकटा जाईल."

मी म्हणाले, संध्याकाळी सांगते. आणि तशीच ताईंच्या केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं: परीक्षा, बहिणी, उचल, एका रात्रीची मुदत. मी विचारलं, "ताई, त्यांना थांबा म्हणू का? एका दिवसाच्या विक्रीवरून सांगणं बरोबर होईल का?"

ताईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. "आकडे तुझ्यासमोर आहेत ना?"

"हो, पण तुमचा इतक्या वर्षांचा अनुभव."

"सांग त्यांना," ताई म्हणाल्या. "बाईने एकदा तरी नाही म्हणायला शिकलं पाहिजे."

मी सांगितलं.

तिच्या आईने उचल घेतली नाही. नवी खुरासणी निघाली तशी पाड्यावरच्या बायकांनीही आपापली तिच्याकडे आणून दिली. मुलगी होस्टेलवर राहिली आणि दर शनिवारी गावी जाऊन पाकिटं भरू लागली. दिवाळीनंतर ती पाकिटं मी नाशिकच्या किराणा दुकानांत घेऊन फिरले. अनोळखी दुकानदारांशी काय बोलायचं ते आधी बाहेर उभी राहून पाठ करायची आणि मग आत शिरायची. एक म्हणाला, ठेवून जा. दुसरा म्हणाला, हे आमच्याकडे विचारत नाही कोणी. महिनाअखेरीस ज्याने ठेवून घेतली होती त्याने तशीच परत दिली. मला काही उलगडेना. लॉन्सवर एवढी माणसं आली होती, ती राहतात तरी कुठे?

वाटलं, स्टिकर बदलून बघावं. मेळाव्याचे उरलेले स्टिकर ऑफिसच्या मागच्या खोलीत होते. दार उघडलं तर लसणाचा वास आला. गुंडाळलेल्या बॅनरांच्या मागे खोकी होती, एकावर एक. वरच्या खोक्यात आमची चटणी. मुलींनी हाताने लावलेली लेबलं, काही तिरकी. तेल सुटून पुठ्ठा काळा झाला होता. त्याच्याखालच्या खोक्यात पेठ तालुक्यातल्या मुलांचे बांबूचे कंदील, त्याखाली आणखी कोणाचं काही.

संस्थेची गाडी चालवणारे काका दारात आले. "अगं बेटा, ते नको काढू, तेल सांडंल. मेळाव्याचं आहे."

"विकलं होतं ना हे सगळं?"

"हो, म्हणजे आपणच घेतलं ना." त्यांना वाटलं मला माहीत आहे. "ताईंच्या भिशीतल्या बायका येतात, कोणी हास्यक्लबातले. त्यांना कूपन देतो आपण, ते खरेदी करतात, जेवतात, जाताना माल गाडीत ठेवतात. दरवर्षीचं आहे. गेल्या वर्षी अगरबत्ती होती, ती तरी बरी, ऑफिसात लावून संपली. चटणीचं काय करणार? मी घरी नेली थोडी. चांगली आहे पण."

सगळ्या ऑफिसला माहीत होतं. चहा देणाऱ्या मावशींनाही. बघणारी म्हणून जिला घेतलं होतं तिला सोडून.

मी ताईंकडे गेले तेव्हा हातात एक पाकीट होतं. ते मी टेबलावर ठेवलं. त्यांनी बघितलं, दार लावून घे म्हणाल्या.

"पहिल्याच मेळाव्यात माल तसाच परत न्यायला लागला तर ही मुलं पुन्हा उभी राहतील का?" त्यांचा आवाज नेहमीसारखाच शांत होता. "आपण प्रोत्साहन देतो. यात वाईट काय? पैसे त्यांना खरेच मिळाले."

"मी तुम्हाला विचारलं होतं," मी म्हणाले. "त्या दिवशी इथेच उभं राहून. तिची आई थांबू का विचारत होती."

"तेव्हा काय सांगणार होते मी? पाहुण्यांचा निर्णय व्हायचा होता. तो झाला नसता तर तुझं कळवणही बंद झालं असतं."

"मला तरी सांगायचं."

ताई हसल्या, अगदी मायेने. "तुला सांगितलं असतं तर तुझ्या चेहऱ्यावर दिसलं असतं गं. त्या व्हिडिओत सगळ्यात खरी तूच दिसतेस. पाहुणे दोनदा म्हणाले, ती मुलगी कोण?"

माझ्या चेहऱ्यावरून कोणाला काही कळत नाही, अशी माझी लहानपणापासूनची समजूत होती. त्या समजुतीच्या आडोशाने मी इतकी वर्षं काढली. ताईंनी तो चेहरा पहिल्या दिवशीच वाचला होता आणि कुठे वापरायचा तेही ठरवलं होतं. मला खूप बोलायचं होतं. इंग्रजीत वाक्यं तयार होत होती, मराठीत एकही येत नव्हतं. मी पाकीट उचललं आणि बाहेर आले. दुसऱ्या दिवशी राजीनाम्याचा मेल टाकला. ताईंचं उत्तर आलं, दार तुझ्यासाठी नेहमी उघडं आहे.

कळवणला जाऊन सांगणं बाकी होतं. चौघींना कॉलेजच्या मागच्या पायऱ्यांवर बसवून मी सगळं सांगितलं, कूपनसकट. तिघींनी खाली बघितलं. एक म्हणाली, "म्हंजी ती बाई, मोत्याचं मंगळसूत्र, पाच पाकिटं घेतली ती, तीपण?" मी हो म्हणाले. ती हसायला लागली, आणि मग हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं.

उंच मुलगी माझ्याकडे बघत होती. "तुम्हाला म्हाईत नव्हतं?"

"नाही."

"तुम्ही तं तिथल्याच." ती रागावलेली नव्हती. हिशेब जुळतो का ते बघत होती. "आईनं तुम्हाला विचारलं, मंग तुम्ही कोणाला तरी विचारून सांगितलं ना? ज्यांना विचारलं त्यांना म्हाईत होतं. आणि तुम्हाला नव्हतं."

"नव्हतं," मी पुन्हा म्हणाले. मलाच ते खोटं वाटायला लागलं.

"बरं," ती म्हणाली. तिला ते पटलं नव्हतं. माझ्याकडे पुरावा म्हणून दाखवायला काहीच नव्हतं.

मी म्हणाले, परीक्षेपर्यंत माझ्या घरी राहा, दोघी बहिणींना घेऊन. माझ्या आईला विचारलं आहे. ती उठून उभी राहिली. "नको म्याडम. आता नको."

जुन्या मुकादमाची टोळी कधीच भरली होती. तिच्या आईला डिसेंबरात दुसऱ्या टोळीत जागा मिळाली, आधीपेक्षा कमी उचलीवर. मुलीने होस्टेल सोडलं आणि बहिणींना घेऊन बागेतल्या शेडमध्ये गेली. पाड्यावरच्या बायकांची खुरासणी तिने त्याआधी घरोघर परत पोचवली. हे मला कॉलेजच्या सरांकडून कळलं. सरांनी तिचा परीक्षेचा फॉर्म रद्द होऊ दिला नव्हता.

पहिल्या पेपरला मी कळवणला गेले. कोणी बोलावलं नव्हतं. सेंटरसमोर एक रसवंती होती, मी रस्त्याच्या या बाजूला, सेंटरच्या फाटकाशी उभी राहिले. ती वणीकडून येणाऱ्या जीपमधून उतरली. धाकटी बहीण कडेवर होती, दुसरी बहुतेक शेडमध्ये आईजवळ असावी. तिने मला पाहिलं. मी दोन पावलं पुढे गेले, हात पुढे केले. ती रसवंतीवाल्या बाईकडे वळली, तिच्याशी काही बोलली, बहिणीला तिच्या बाकावर बसवलं आणि आत गेली. त्या बाईची तिची ओळख नव्हती. आत जाताना तिने त्या बाईला नाव विचारल्याचं मी ऐकलं.

तीन तास ती लहान मुलगी उसाचं चिपाड चघळत होती. मी तिकडे गेले नाही. गेले असते तर ती घाबरली असती, असं मी स्वतःला सांगितलं.

पेपर सुटल्यावर तिने बहिणीला उचललं. रसवंतीवाली माझ्याकडे बोट करून म्हणाली, "त्या तुझ्यासाठी थांबल्यात का? सकाळपासून उभ्या हायेत."

तिने वळून बघितलं. "नाशिकच्या म्याडम हायेत," एवढंच म्हणाली आणि जीपकडे गेली.

मे महिन्यात सरांचा फोन आला. ती पास झाली होती. बाकीच्या पेपरांनाही ती तशीच येत राहिली, बहिणीला रसवंतीवर ठेवून. पुढे नर्सिंगला फॉर्म भरायचं म्हणते, सर म्हणाले. मी ओट्यावर हात टेकून उभी होते. आईने विचारलं कोणाचा फोन, तर मी म्हणाले, "पास झाली."

मी आता घरीच अकरावी-बारावीच्या शिकवण्या घेते. मेळाव्याचा तो व्हिडिओ अजून फिरतो. माझ्याच एका विद्यार्थिनीने मला तो कौतुकाने दाखवला. त्यात मी टाळ्या वाजवते आहे.

गेल्या आठवड्यात ताईंचा मेसेज आला. बऱ्याच महिन्यांनी. कशी आहेस, घरचे कसे आहेत, आणि मग: 'आपल्या चटणीवाल्या मुलीचं बारावीचं काय झालं गं? नव्या पुस्तिकेत घ्यायचं होतं. तुला नक्की माहीत असेल.'

 'माहीत नाही,' मी लिहिलं.